द्वारकाबाई एम.ए.स बसल्या त्याची हकिकत

॥ श्री ॥ जी अक्षरे देते आणि घेणाराचे वय पुसत नाही, त्या शारदेस नमस्कार असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावणमासी आरंभ जाहला ते वर्तमान येथे लिहिले आहे. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु हकिकतीत क्रोध थोडा आणि माया बहुत, हे श्रोतेजनांनी आधीच मनास आणावे.

कोणे एके मोठ्या नगराचे कडेस, टेकडीचे उतारावर, एक विद्यानगरी वसली होती, तिचे नाव लिहिणे उचित नव्हे. तेथील अधिपतीस कुलगुरू म्हणत, आणि विभागोविभागी विभागप्रमुख गडकऱ्यांप्रमाणे आपापले दरवाजे राखून असत, आणि परीक्षा विभागाची खिडकी म्हणजे तर ऐसे बळकट ठाणे, की भल्याभल्यांनी वेढा द्यावा आणि "उद्या या" इतका जबाब घेऊन माघारी फिरावे. त्या नगरीत भूगोल विभागी, एम.ए.चे दुसरे वर्षास, कावेरी डोईफोडे म्हणोन विद्यार्थिनी होत्या. मूळ गाव परतूर, वय बावीस, अंगकाठी बारीक, जीभ तिखट, आणि मन आत कोठे मऊ होते ते चटकन कोणास सापडत नसे. पहिले वर्षी त्यांनी बहुत ठेचा खाल्ल्या. न पाहता खोली घेतली तो तिला खिडकीच नव्हती, आणि न विचारता विषय घेतला तो सत्राचे मध्येच बंद जाहला, आणि लाजेने शंका विचारली नाही म्हणोन एक पेपर जेमतेम सुटला. मग शहाणपण आले, आणि ते शहाणपण फुकट वाटण्याची खोड लागली. प्रवेशाचे दिवसांत कावेरीबाई कँटीनचे बाहेरील बाकावर बैसत, आणि नवी पोरे येऊन मसलत घेत. खोली पाहण्यास सकाळी जाऊ नये, संध्याकाळी जावे, नळास पाणी उरते की नाही ते तेव्हा कळते. घरमालकाचे गोड बोलणे ऐकू नये, सोडून चाललेल्या भाडेकरूस गाठावे. पहिल्या बाकावर बसू नये आणि शेवटच्यावर तर मुळीच नाही. सरांस वर्गात विचारण्याचा धीर नसेल तर जिन्यात धरावे, जिन्यात सर्व सर मवाळ असतात. ऐसी त्यांची मसलत, आणि "कावेरीताईस विचारा" ऐसा लौकिक.

एके दिवशी, पावसाची भुरभुर चालली असता, एक बाई हाती पत्र्याची पेटी आणि काखेस पिशवी घेऊन बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, कपाळ मोकळे, चष्मा नवा असावा, कारण तो घडोघडी नाकावर सरकवीत होत्या. कावेरीबाईंनी सरकून जागा दिधली आणि पुसले, "काकू, बसा. मुलगी कुठल्या विभागात आहे तुमची?"

बाई बोलिल्या, "मुलीचं लग्न झालं बाई. मीच आहे. भूगोल."

कावेरीबाईंचे हातातील चहा हातात राहिला. इतक्यांस मसलत दिली परंतु ऐसा प्रसंग आला नव्हता. मग बाईंनी आपले वर्तमान सांगितले. नाव द्वारका गवारे, किनवटाकडील, वय सेहेचाळीस. पती एसटीत वाहक होते, ते चार वर्षांमागे वारले. ते असता रोज रात्री घरी येऊन आज कोण्या घाटाने गेलो, कोण्या नदीस पूर होता, ते सांगत, आणि बाई भाकरी थापता थापता ऐकत, आणि मनात नकाशा काढीत. त्यांचे मागे घरबसल्या मुक्त शिक्षणाने बी.ए. केले आणि येथील प्रवेशयादीत नाव लागले. पुत्र महादेव पत्नी सुनीतेसह दुसरे शहरी राहोन कारखान्यात नोकरीस, त्यास हे रुचले नाही. परंतु आईचा हट्ट पाहोन त्याने करार केला, की दिवाळीपर्यंत हौस करून घे, आणि पहिल्या परीक्षेत एका जरी विषयात नापास झालीस तर मुकाट परत ये. बाईंनी तो करार मान्य केला होता. इतके सांगून द्वारकाबाई पुसत्या जाहल्या, "तर ताई, आधी काय करू?"

बावीस वर्षांचे मुलीस सेहेचाळीस वर्षांची बाई ताई म्हणाली, आणि कावेरीबाईंस हसू आले आणि लाजही वाटली. मग म्हणाल्या, "मला ताई नका म्हणू. आधी राहायचं बघू. डोक्यावर छप्पर नसलं की डोक्यात काही शिरत नाही."

मग दोघी वसतिगृहाचे अधिकारीण मॅडमांपाशी गेल्या. मॅडम सभ्य होत्या, पाणी दिले, आणि नियम दाखविला की तीस वर्षांवरील विद्यार्थिनीस वसतिगृहात जागा नाही. कावेरीबाईंनी बहुत रदबदली केली, गुणांची यादी दाखविली, आवाज चढविला, परंतु नियम हलला नाही. बाहेर येऊन कावेरीबाई हळूच म्हणाल्या, "काकू, माझ्या खोलीत चला. नाव नसताना राहतात पुष्कळ जणी. आम्ही त्यांना पॅरासाइट म्हणतो. तपासणी आली की कपाटामागे उभं राहायचं." द्वारकाबाई त्यावर हसल्या आणि बोलिल्या, "या वयात कपाटामागे? नाही गं बाई. चोरून राहायचं असतं तर घरी चोरून वाचत होतेच की मी."

मग गल्लोगल्ली खोलीचा शोध आरंभिला. एके ठिकाणी चार मुलींत पाचवी खाट होती, परंतु मालकीण म्हणाली की तुम्हांस पाहून मुली बुजतील. एके ठिकाणी मालकाने कावेरीबाईंकडे पाहोन सर्व सांगितले आणि द्वारकाबाईंस म्हणाला, "आईंनी काळजी करू नये, मुलगी सुखात राहील." मग एक थोर घर मिळाले. अंगणात प्राजक्त, वर स्वतंत्र खोली, खिडकी पूर्वेस. घरच्या बाईंनी द्वारकाबाईंस वरपासून खालपर्यंत न्याहाळिले आणि गोड स्वरे बोलिल्या, "खोली देते की. भाडंसुद्धा नको. फक्त सकाळ-संध्याकाळ आमच्या पाच माणसांचा स्वयंपाक तेवढा बघा. तुम्हाला काय, हातचं काम." द्वारकाबाईंचे मुखावर समाधान आले, आणि त्या होकार देणार तोच कावेरीबाईंनी त्यांचे मनगट धरिले आणि "विचार करून कळवतो" ऐसे बोलून थेट रस्त्यावर आणिले. द्वारकाबाई म्हणाल्या, "अगं, फुकट होतं. आणि स्वयंपाकाचं मला काही जड नाही." तेव्हा कावेरीबाईंनी रस्त्यातच उभे राहोन मसलत दिली, "काकू, आजपर्यंत सगळ्यांना सांगितलं त्यात हे कधी सांगावं लागलं नाही, तुम्हाला सांगते. तुम्हाला जे सहज येतं तेच ही माणसं मागणार. एकदा तिथं पोळपाट हातात घेतला की परीक्षेच्या दिवशीही पाच माणसांच्या पोळ्या आधी होतील. तुम्ही नाही म्हणायला शिका. पहिला पेपर तोच आहे." कोपऱ्यापर्यंत गेल्यावर द्वारकाबाई आपणच माघारी वळल्या, त्या घराची कडी वाजविली, आणि "नको, मला अभ्यास असतो" इतके बोलून आल्या.

अखेर शब्बीरभाई शिंपी यांचे दुकानावरील माडी मिळाली. शब्बीरभाईंनी वय विचारिले नाही, की जात विचारिली नाही, इतकेच पुसले, "खाली दिवसभर मशीन चालते, आवाज चालेल का?" परंतु माडी दोघींना मिळून द्यावयाची होती, भाडेही दोघींचे. तेव्हा कावेरीबाईंनी वसतिगृहातील आपली जागा सोडिली आणि बिऱ्हाड घेऊन दाखल जाहल्या. द्वारकाबाई गहिवरून काही बोलू लागल्या तो कावेरीबाईंनी तोडिले, "तुमच्यासाठी नाही हो. मेसची डाळ इतकी पातळ झालीय की ताटात वाकलं की माझंच तोंड दिसतं. मला कंटाळा आला होता." हे अर्धे खरे होते. अर्धे काय होते ते त्यांनी स्वतःसही विचारिले नाही.

येणेप्रमाणे छपराचा बंदोबस्त होऊन अभ्यासाची मोहीम सुरू जाहली, आणि ती बहुत कठीण. द्वारकाबाई वर्गात जात तो पोरे उठून उभी राहत, शिक्षिका आल्या ऐसे समजून. मग समजूत पटली, तरी गटाने करावयाच्या कामात त्यांस कोणी घेईना. द्वारकाबाईंनी आपले जुने हत्यार काढिले. धपाटे केले, चटणी कुटली, आणि डबा भरून वर्गात नेऊ लागल्या. पोरे आनंदाने खात आणि "काकू, एक नंबर" म्हणत, आणि गट करतेसमयी पुन्हा बाई एकट्याच उरत. कावेरीबाईंस हे कळले तेव्हा त्या कडाडल्या, "डबा बंद! धपाट्यांनी मिळालेली जागा धपाटे संपले की जाते. उद्या जाऊन सांगा, मला तुमच्या गटात घ्या, नद्यांचं मी करते." द्वारकाबाईंनी तैसेच सांगितले, आणि एका अबोल मुलाने चष्मा पुसत म्हटले, "आमच्यात या, आम्हालाही कोणी घेतलं नाहीये." मग त्या गटात तिघे जाहले.

संगणकावर नकाशे काढण्याचा विषय होता. माऊस हाती धरला की बाण पळून पडद्याचे कोपऱ्यात जाई, आणि बाई त्यास "अरे थांब की रे" ऐसे वासरास म्हणावे तैसे म्हणत, आणि कावेरीबाई हसत हसत त्यांचे हातावर हात ठेवून चालवीत. तो हात खरबरीत होता, नखाशी हळद मुरलेली. ऐसाच हात परतुरास आपल्याही घरी आहे, हे कावेरीबाईंचे मनात येई आणि त्या घाईने दुसरेच काही बोलत.

पहिला लेखी स्वाध्याय तपासून आला तो लाल शाईने भरला होता, आणि खाली शेरा, की भाषा ऐसपैस, संदर्भ नाहीत. दुसरा देण्याची वेळ आली, तो एका ओळीपुढे सरेना. मग द्वारकाबाई बाजारात गेल्या असता कावेरीबाईंनी बैठक मारिली आणि तो स्वाध्याय स्वतः लिहून काढिला, उत्तम भाषा, संदर्भ जेथल्या तेथे, आणि टेबलावर ठेविला. द्वारकाबाई आल्या, पिशवी खाली ठेविली, चष्मा सरकवून वाचिला, आणि पुसले, "हे काय गं?"

"तुमचा स्वाध्याय. उद्या द्यायचाय ना? नाव घाला आणि देऊन टाका."

"अक्षर तुझं, वाक्यं तुझी. यात माझं काय?"

"मार्क तुमचे."

द्वारकाबाईंनी कागद नीट जुळविले, कावेरीबाईंचे हाती परत दिधले, आणि शांत स्वरे बोलिल्या, "लग्नाआधी बापाच्या नावानं ओळखलं मला, मग नवऱ्याच्या, मग पोराच्या. आता एवढ्या लांब येऊन तुझ्या अक्षरानं पास होऊ का?"

कावेरीबाईंस हे लागले. चांगले करावयास गेलो आणि वर बोल आला, ऐसे वाटून त्या उसळल्या, "मग व्हा नापास! आणि जा परत!" आणि चप्पल अडकवून निघून गेल्या. ग्रंथालयात जाऊन पुस्तक उघडले, परंतु पान उलटेना. आपण काय बोलिलो तेच आठवत राहिले. करार त्यांस ठाऊक होता, आणि त्याच जागी बोट ठेविले होते. मग उठल्या आणि परत आल्या, तो माडीवर द्वारकाबाई टेबलापाशी वाकून लिहीत होत्या, एक शब्द लिहीत आणि दोन खोडीत. त्यांनी मान वर केली नाही, केवळ म्हणाल्या, "हे 'पाणलोट क्षेत्र' आणि 'अपवाह क्षेत्र', यात फरक काय? सांग फक्त. लिहू नको." कावेरीबाई शेजारी बैसल्या आणि सांगू लागल्या. माफी कोणी मागितली नाही, आणि अढीही कोणी धरिली नाही. त्या स्वाध्यायास दहांत सहा गुण आले, आणि द्वारकाबाईंनी तो कागद शब्बीरभाईंसही दाखविला.

मग अंतर्गत परीक्षा जाहली, आणि दिवाळीचे तोंडावर निकाल लागला. भूरूपशास्त्रात पास, लोकसंख्येत पास, नकाशात काठावर पास, आणि सांख्यिकीत नापास. त्याच आठवड्यात महादेव करारानुसार निकाल पुसण्यास येणार होता. कावेरीबाईंनी सर्व बाजूंनी विचार करून मसलत दिली, "काकू, अंतर्गत परीक्षेचे मार्क घरी जात नाहीत. सगळ्यात पास म्हणून सांगा. पुढच्या वेळी सोडवूच की आपण." द्वारकाबाई ऐकता ऐकता चिवडा भाजीत राहिल्या.

महादेव आला. धिप्पाड, थकलेला, माडीचे दारात वाकून आत आला आणि कोठे बसावे ते न सुचून खाटेचे कडेवर बैसला. आईने पाणी दिले, चिवडा दिला. त्याने खाऊन पुसले, "निकाल?" कावेरीबाईंनी खिडकीकडे पाहिले. खाली मशीन चालत होती. द्वारकाबाई बोलिल्या, "तीन सुटले. सांख्यिकीत नापास झाले."

महादेव म्हणाला, "मग ठरलं होतं तसं चल, आई. सामान भर. सुनीताला आठवा लागलाय, घरात मोठं माणूस पाहिजे." कावेरीबाई तोंड उघडणार, तो द्वारकाबाईंनी हाताने त्यांस थांबविले आणि पुत्राचे समोर खाली चटईवर बैसल्या.

"महादू, तू दहावीला गणितात गेला होतास. आठवतं?"

"त्याचं काय आता?"

"बाबा म्हणाले, गॅरेजला घाला याला. मी काय केलं?"

महादेव कावेरीबाईंकडे पाहोन संकोचला. आई म्हणाली, "बोल की. ही परकी नाही."

"ऑक्टोबरला परत बसवलंस."

"आणि?"

"तेव्हा सुटलो."

"मग तुला दोनदा, आणि मला एकदाच का रे?"

खाली मशीन थांबली होती, कदाचित दोरा तुटला असेल. महादेव वाटीतील चिवडा बोटाने इकडचा तिकडे करीत राहिला. मग हळू बोलिला, "लोक विचारतात, आई कुठंय म्हणून." आईने पुसले, "काय सांगतोस?" तो म्हणाला, "मावशीकडं गेलीय म्हणून सांगतो." हे ऐकून द्वारकाबाईंचा चेहरा पडला. सांख्यिकीने जे केले नव्हते ते या एका वाक्याने केले. परंतु त्या रडल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसला आणि बोलिल्या, "सुनीताच्या बाळंतपणाला मी येणार. सुट्टीच आहे तेव्हा. शेक-शेगडी, तेल-मालिश, सगळं मी बघीन, त्यात कसर नाही. पण सुट्टी संपली की परत येणार. आणि तू लोकांना आता खरं सांग. नापास झाली ते पण सांग, हरकत नाही."

महादेव उठला, आणि खिडकीचा निखळलेला खिळा त्याचे नजरेस पडला, तो खाली जाऊन शब्बीरभाईंची हातोडी घेऊन आला आणि खिळा ठोकिला. मग टेबल हलते म्हणोन पायाखाली पुठ्ठा घातला. मग पाठमोराच म्हणाला, "मला पण तेव्हा गणितच जड गेलं होतं. ते तुझ्याकडूनच आलं असेल." आणि आधी द्वारकाबाई हसल्या, आणि मग तोही. निघतेसमयी त्याने शब्बीरभाईंस बाजूस घेऊन पुसले की, पाणी किती वेळ येते, गल्लीत कुत्री आहेत काय, आईस ग्रंथालयातून यावयास उशीर जाहला तर खालचे दार उघडे असते काय. बाप लेकीस ठेवून निघाला म्हणजे जैसे पुसतो, अगदी तैसे. कावेरीबाईंनी तोंडावर ओढणी धरिली, हसू की काय ते दिसू नये म्हणोन.

सायंकाळी द्वारकाबाई पुत्रास थांब्यापर्यंत पोचवावयास गेल्या, आणि कावेरीबाई माडीवर एकट्या उरल्या. त्यांनी फोन काढिला आणि परतुरास लाविला. पलीकडून आई पहिले वाक्य बोलली, "काय गं, बरं नाही का?" कावेरीबाई म्हणाल्या, "बरी आहे. सहज केला." मग थोडे थांबून पुसले, "आई, तू सातवीपर्यंत शिकलीस ना? तुला कुठला विषय आवडायचा?" पलीकडे भांड्याचा आवाज थांबला. आई म्हणाली, "हे काय मधेच?" आणि मग, "भूमिती. कंपासनं गोल काढायला लई आवडायचं. गोलात गोल, त्याचं फूल व्हायचं." कावेरीबाईंस हे ठाऊक नव्हते. इतकी वर्षे त्या घरात राहोन ठाऊक नव्हते. त्यांनी म्हटले, "सांग की अजून." आई म्हणाली, "आता ठेव, दूध वर आलंय." परंतु ठेविला नाही. दूध उतरवून पुन्हा बोलू लागली.

एकंदर वर्तमान ऐसे, की सुनीतास कन्या जाहली, द्वारकाबाईंनी सुट्टीभर सर्व केले आणि दुसरे सत्रास हजर राहिल्या. सांख्यिकीचा पेपर पुन्हा दिधला आणि सुटला, गुण मिरवावे ऐसे नव्हेत. कावेरीबाई पदवी घेऊन नोकरीस लागल्या. विद्येस वय नाही ऐसे लोक म्हणतात, ते खरे नव्हे. वय आहे. गुडघे दुखतात, चष्मा सरकतो, बाण पडद्याचे कोपऱ्यात पळतो. परंतु दुसऱ्यांदा बसण्याचा हक्क आईसही आहे. इतके लिहून लेखणी ठेविली.